शपथ उतरवणारी आंबीमावशी

दारूबंदीचं माझं पहिलं पत्रक मी आंबीमावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं. चिंचणीच्या बाजारात, भर सकाळी, तिच्या सुक्या बोंबलांच्या टोपलीसमोर उभा राहून. पत्रक मीच लिहिलेलं, त्यामुळे आवाज चढलेला होता. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"यात पत्ता कुठं हाय?"

"कसला पत्ता?"

"दारूनं घर बुडतं, पोरं उपाशी ऱ्हातात, ते तू लिवलंस. ते आमाला तुज्यापेक्षा जास्त ठावं हाय. सोडा म्हनून लिवलंस. कुठं जाऊन सोडायची ते नाय लिवलंस. आग लागली म्हनून वरडतोस मास्तर, पन हीर दाखवत नाय."

मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा मावशी, मी ते छापतो."

ती हसली. "छापलंस तर पयला कोन वाचील? फौजदार. मग सोडनारे ऱ्हातील बाजूला, पोलीस रांगेत हुभे ऱ्हातील."

हे मला सुचलं नव्हतं. साठ सालानंतरची ती दोन-चार वर्षं. दारू पिणं हाच गुन्हा होता. जो बरा व्हायला जातो तो आधी आपण प्यायलो हे कबूल करतो, आणि कबूल करतो म्हणून सापडतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावागावात ताडी आणि गावठी लपून मिळत होती, आणि त्यातून सुटण्याची वाट त्याहून खोल लपलेली होती. दारू कुठे मिळते हे शाळेतल्या पोरालाही माहीत असायचं. औषध कुठे मिळतं हे एका आंबीमावशीला माहीत होतं.

मी पत्रकांवर वाढलो. वडील चळवळीतले. आमच्या घरात धान्याच्या कणग्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. मी बाराखडी शिकलो ती पत्रकांच्या मथळ्यांवर, आणि जेवणाआधी शंभर पत्रकं घडी घालायची हा आमचा नेम होता. तेविसाव्या वर्षी चिंचणीच्या शाळेत हंगामी शिक्षक झालो तेव्हा माझी खात्री होती की नीट लिहिलेलं वाक्य माणसाला बदलतं. आजही आहे. पण वाक्य लिहिण्याआधी कुणाला तरी विचारावं लागतं, हे मला त्या बाजारात समजलं, आणि पूर्ण समजायला आणखी एक वर्ष लागलं.

आंबीमावशी मांगेलआळीतली, म्हणजे मांगेली मच्छीमारांच्या वस्तीतली. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत घट्ट कास मारलेली, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. पायात वहाण कधी नाही. नवरा दारूपायी गेला एवढंच गावाला माहीत होतं. घरच्या होडीतला वाटा दिराकडे गेला आणि तिनं डोक्यावर टोपली घेतली. सोमवारी एक बाजार, बुधवारी दुसरा, आत डोंगराकडे वारल्यांच्या पाड्यांपर्यंत ती सुकी मासळी घेऊन जायची. तिचं चालणं इतकं झपाट्याचं की बरोबरच्या बायका म्हणायच्या, "आंबी, तुज्या मागं लागलंय कोन?"

तिची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. ती माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे, हातांकडे बघे. कुणाबद्दल शंका आली की टोपलीतला एक लांबसा सुका बोंबील काढून त्याच्या हातात द्यायची. "धर जरा. शेपटीनं नाय, डोक्यानं धर." मग बोंबलाच्या शेपटीकडे बघत राहायची. शेपटी स्थिर असली तर बोंबील परत टोपलीत. थरथरली तर किती थरथरते यावरून तिला सगळं कळायचं. किती वर्षं पितो, सकाळी उठल्याबरोबर लागते का, जेवण तुटलंय का. मोठमोठे बाप्ये तिच्या टोपलीसमोरून जाताना हात धोतराच्या घडीत लपवायचे.

माझ्याही हातात तिनं एकदा बोंबील दिला होता. बघितलं आणि भोवतालच्या बायकांना म्हणाली, "मास्तरचा हात घट्ट हाय. डोकं तेवढं हलतं." त्यानंतर आठवडाभर बाजारातून जाताना मला कुणी ना कुणी विचारी, "मास्तर, डोकं कसं हाय?"

नवरा गेल्यावर दोन वर्षं ती प्रत्येक बाजारात एकच गोष्ट विचारत फिरली होती. "तुमच्यात कुनाचा मानूस सुटला काय? सुटला आन जगला, असा?" तिनं हा प्रश्न भगताला विचारला, वैद्याला विचारला, सुईणीला, एस.टी.च्या ड्रायव्हरला विचारला. डोंगरातल्या एका भगतानं तिला मुळी दिली. ही उगाळून पाजा, दारूचा वासही नको होईल. आंबीमावशीनं ती मुळी कुणाला पाजली नाही. घरी आली आणि आधी स्वतः घेतली. दोन दिवस ती ओकत पडून होती. तिसऱ्या दिवशी उठली, परत डोंगर चढून गेली आणि भगताच्या अंगणात उरलेली मुळी ठेवून म्हणाली, "बाबा, यानं दारू सुटत नाय, मानूस सुटतो." भगत रागावला नाही. पुढे अनेक वर्षं तो तिच्याकडूनच सुकट घ्यायचा.

शेवटी पालघरच्या बाजारात एका भाजीवालीनं सांगितलं की तिचा भाऊ सुटला होता. पालघरलाच, कोळगावच्या वाटेवर एक डॉक्टर आहेत. युद्धात फौजेत होते, तिथे असले रोगी त्यांनी पुष्कळ पाहिले. दवाखान्यामागच्या खोलीत चार खाटा आहेत. सात-आठ दिवस ठेवून घेतात, झोपेचं औषध रोज थोडं कमी करत देतात, ताकदीची इंजेक्शनं देतात. वहीत 'अशक्तपणा' असं लिहितात.

एवढाच तो पत्ता. दोन वर्षांत मिळालेला. मी बाजारात उभा राहून मागितला होता तो हाच.

त्यानंतर तिनं जेवढी माणसं नेली त्या सगळ्यांना ती वाटेत एकच गोष्ट घोकवायची. "पोलिसाला खोटं सांगा, डागदरला नको. दोन शेर पीत असलास तर दोन शेर म्हन. लाजून अर्धा सांगितलास तर औषदबी अर्धाच देईल." पिणारा माणूस स्वतःच्या बायकोला खरा आकडा सांगत नाही. मावशीला सांगायचे. न सांगून उपयोग नव्हता, बोंबलाची शेपटी तिनं बघितलेली असायची.

पालघरहून माणूस परत आला की त्याचं दुसरं औषध सुरू व्हायचं, आणि ते डॉक्टरांकडे नव्हतं. किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडी असतात, माणसाच्या उंचीच्या. बोंबील त्यावर एकेकटा टांगत नाहीत. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक या अंगाला, एक त्या अंगाला. कसलाही वारा येवो, जोडी पडत नाही. हे काम बायकांचं. आंबीमावशी सुटलेल्या पुरुषांना या कामावर लावायची, आणि माणसंही दोन-दोन लावायची.

"एकटा सुटलेला मानूस पडतो," ती म्हणे. "सांजच्याला घसा वढतो तेव्हा बायकोकडं जाऊन उपेग नाय. बायकोला काय ठावं, ती रडते. ज्याचा घसा वढलेला हाय त्याच्याकडंच जायचं."

वलांडीवर पुरुष दिसला की बायकांना ऊत यायचा. "नवी सून आली गो," "सुनबाय, डोक्यावर पदर घ्या." पहिले दोन दिवस तो पुरुष खाली मान घालून बोंबील टांगायचा. तिसऱ्या दिवशी उत्तर द्यायला लागायचा. उत्तर दिलं की आंबीमावशी समजायची की हा वाचला.

तिनं लावलेली सगळ्यात अजब जोडी म्हणजे आळीतला धर्मा आणि सरावलीच्या बाजूला रस्त्याच्या कामावर आलेला उत्तरेकडचा एक गवंडी. तारापूरला अणुवीज केंद्र येणार म्हणून तेव्हा इकडे नवी माणसं दिसू लागली होती. गवंड्याला मराठी येत नव्हतं. धर्माला मराठीसुद्धा बाजारापुरतंच येत होतं, बाकी सगळी मांगेली बोली. गवंडी सुट्टीच्या दिवशी बोरासारखा सुकलेला चेहरा घेऊन यायचा आणि दोघं वलांडीखाली बसून दोन भाषांत भांडायचे. मी मावशीला म्हटलं, यांना एकमेकांचं काही कळत नाही.

"कळायला कशाला पायजे? तोंडात तोंड अडकलं म्हंजे झालं."

ती जोडी टिकली. रस्ता संपून गवंडी पुढच्या कामावर गेला तोपर्यंत टिकली, आणि धर्मा त्यानंतरही.

आता जे सांगायचं आहे ते मला सोपं नाही, पण ते सोडलं तर आंबीमावशी अर्धीच राहील.

तिची मुलगी काशी. तिला वरोरला दिली होती, चिंचणीहून चालत तासाभरावर. जावई हरेश्वर तांडेल होता, म्हणजे होडीचा प्रमुख. वारा आणि पाण्याचा रंग बघून जाळं कुठे मारायचं ते तो सांगायचा आणि इतर ऐकायचे. तो प्यायला लागला आणि तीन वर्षांत सुकाणू धाकट्या भावाच्या हातात गेलं. हरेश्वर दिवसभर घराच्या मागच्या भिंतीला टेकून समुद्राकडे बघत बसायचा. काशी सगळं सोसून होती.

आळीतल्या कुणाच्याही हातात बोंबील देणारी आंबीमावशी जावयासमोर मुकी होती. रीतच तशी. सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याला नावं ठेवणं तर दूरच. हरेश्वर सासुरवाडीला आला की ती मांजराशी बोलायची. "मने, त्यांना म्हनावं पानी तापलंय." "मने, त्यांना म्हनावं कालवनात मीठ कमी असलं तर सांगा." हरेश्वरही मांजराकडेच बघून मान हलवायचा. लोक हसायचे. पण मांजराला 'त्यांना म्हणावं, पालघरला चला' असं सांगता येत नाही. तीन वर्षं ती वाट बघत होती की त्याच्या घरातलं कुणीतरी विषय काढील आणि मग तिला वाट मिळेल. कुणी काढला नाही. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना पालघरला पोचवणारी बाई स्वतःच्या मुलीच्या नवऱ्याला दोन शब्द बोलू शकली नाही.

मी मात्र बोलू शकत होतो. मी बोलायलाच जन्मलो होतो.

त्या वर्षी मी प्रतिज्ञासभा सुरू केल्या. गावात सभा घ्यायची, पिणाऱ्यांना पुढे बोलवायचं, सगळ्यांसमोर शपथ घ्यायला लावायची, आजपासून थेंब नाही. मावशीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मास्तर, शपथ नको घालू कुनाला." मी कारण विचारलं. तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, बाई सौम्य आहे, दारूशी तडजोड करते. तसं मी मित्रांजवळ बोललोही.

वरोरची सभा जोरात झाली. मी बोललो ते लोकांना लागलं. हरेश्वर मागे बसला होता. तो उठला, लोकांमधून वाट काढत पुढे आला आणि म्हणाला, "कागदाची शपथ मी नाय घेत. दर्याची घेतो." तो किनाऱ्यावर गेला, लाटेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर शपथ घेतली. मांगेल्याला याहून मोठी शपथ नाही. ती मोडली तर दर्या घरातली होडी गिळतो, असं ते मानतात. माझे डोळे भरून आले होते. दोनच दिवसांत मी नवं पत्रक छापून घेतलं. मथळा होता, वरोरच्या तांडेलानं दारू सोडली.

ते पत्रक घेऊन मी रविवारी सकाळी मावशीच्या टोपलीपुढे उभा राहिलो. ती चार दिवस आतल्या बाजारांना जाऊन नुकतीच परतली होती. तिच्याच जावयाची बातमी मी तिला देतो आहे याचा मला केवढा आनंद. मी वाचलं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं.

"कवा घेतली शपथ?"

"गुरुवारी सकाळी."

तिनं अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवला. गुरुवार, शुक्रवार, शनवार. "तेव्हापास्नं थेंब नाय?"

"एक थेंब नाही," मी म्हटलं.

ती उठली. बाजारात टोपली सोडून उठलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बाईला 'बघ गो' एवढंच म्हणाली आणि माझं मनगट धरलं. "चल. चल लवकर."

वरोरच्या वाटेवर बैलगाडी मिळाली. मध्येच तिनं गाडी थांबवली, ताडांच्या मागच्या एका घरात शिरली आणि पानानं तोंड झाकलेला तांब्या घेऊन आली. वासावरून मला कळलं. ताडी.

"मावशी, हे कुणासाठी?"

"तुज्या तांडेलासाठी."

"त्यानं शपथ घेतलीय. माझ्यासमोर."

"म्हनून तर."

मी गाडीतून उतरायला निघालो. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उतरायचा तर उतर. पन मला पालघरपतुर दुसरा बाप्या लागंल, त्याला धरायला." मी का उतरलो नाही ते माहीत नाही. तिच्या आवाजात राग असता तर उतरलो असतो.

काशी दारातच होती. हसत होती आणि घाबरलेलीही होती. "आये, तीन दिस झालं. थेंब नाय घेतला त्यांनी. जरा ताप हाय, आन झोप नाय."

हरेश्वर भिंतीला टेकून बसला होता. अंगातला सदरा घामानं चिकटलेला. हात नुसते थरथरत नव्हते, काम करत होते. मांडीवरून काहीतरी उचलून तो बाजूला टाकत होता, पुन्हा उचलत होता. "खेकडे," तो मला म्हणाला, मी नेहमीचा तिथला असल्यासारखा. "जाळ्यात नुसते खेकडे. जाळं फाडतील." मांडीवर जाळं नव्हतं.

मावशी त्याच्यासमोर जाऊन बसली. मांजर नव्हतं, काशीही मध्ये नव्हती. तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"हरेश्वर. माज्याकडं बघ."

काशीनं तोंडावर पदर घेतला. सासूनं जावयाला नावानं हाक मारलेली तिनं कधी ऐकली नव्हती.

"मामी?" तो म्हणाला. जरा वेळानं ओळख पटल्यासारखा.

"वाईच घे. चार घोट. मग आपन डागदरकडं जाऊ."

"नाय."

"घे."

"नाय. दर्याची शपथ हाय. भाऊ आत गेलाय, होडी घेऊन. आता मोडली तर त्याला..." दात वाजत होते.

मी दारात उभा होतो आणि मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस माझ्या शब्दाला किती घट्ट धरून बसला आहे. मी त्याला म्हटलं असतं, सोड, तर त्यानं सोडलं नसतं. शपथ माझ्या ताब्यात उरली नव्हती.

मावशी उठली. कोपऱ्यातली कळशी घेतली, मागच्या दारानं किनाऱ्यावर गेली आणि समुद्राचं पाणी भरून आली. परत त्याच्यासमोर बसली, आपला उजवा हात उताणा धरला आणि कळशी त्याच्या हाताला लावली.

"ओत माज्या हातावर."

त्यानं कळशी धरली, पण कलंडवली नाही.

"तू दर्याला जे बोललास ते माज्यावर ओत. आता ती शपथ माजी. मी जलमभर थेंब घेतलेला नाय, माज्याकडनं ती मोडायची नाय. दर्याला काय हिशेब करायचा तो माज्याशी करील. ओत, बाबा."

काशीनं कळशीला हात लावला. तिघांच्या हातांनी ते पाणी मावशीच्या तळहातावर पडलं आणि जमिनीवर सांडलं. ती ओला हात कपाळाला लावून म्हणाली, "झालं. आता तुज्यावर कायबी नाय." मग तांब्या त्याच्या तोंडाला लावला. अगदी थोडं. थांबून, परत थोडं. तो गिळतोय ना हे बघत. काही वेळानं त्याच्या हातांनी खेकडे वेचणं थांबवलं.

शपथ अशी उतरवायची रीत मांगेल्यांत आहे का, हे मी पुढे अनेकांना विचारलं. कुणीच हो म्हणालं नाही. तिलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "रीत कुनीतरी पयल्यांदा करतंच की."

चिंचणीहून दुपारची गाडी मिळाली. बोईसर, मग पालघर. तिनं हरेश्वरला खिडकीजवळ बसवलं, स्वतः त्याला लागून बसली आणि मला पुढच्या बाकावर उलटं बसवलं, तो पुढे झुकला तर धरायला. कुणीतरी मागून विचारलं, "काय झालंय त्यांना?" मावशी मोठ्यानं म्हणाली, "सासू लागलीय." सबंध गाडी हसली आणि पुढे कुणी काही विचारलं नाही.

डॉक्टरांनी त्याला बघितलं आणि लगेच आतल्या खाटेवर घेतलं. अर्ध्या तासानं बाहेर आले. मावशीला म्हणाले, "वाटेत किती दिली?" तिनं खरं सांगितलं. "वाटेपुरतं ठीक झालं. पण आंबीबाई, हे औषध आहे असं गावात कुणाला वाटता कामा नये." तिनं मान हलवली. ती आत गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, शपथ पाळणाऱ्या माणसाची अशी अवस्था का व्हावी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "शपथ तुम्ही घातलीत का?"

मग त्यांनी मला समजावलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शरीर उलटतं. झटके येतात, भास होतात, कधी माणूस दगावतो. हळूहळू उतरवावं लागतं, औषधाखाली. आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जी आंबीमावशीनं मला सांगितली नव्हती. पहिल्यांदा ती या दवाखान्यात आली तेव्हा कुणा रोग्याला घेऊन आली नव्हती. टोपली दारात ठेवून समोर बसली होती आणि म्हणाली होती, "माजा घो का मेला ते सांगा." तिनं नवऱ्याला दर्याची शपथ घातली होती. त्यानं ती पाळली. तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले, आणि चौथ्या दिवशी तो गेला. आळी म्हणाली, त्यानं चोरून प्यायली असेल, म्हणून दर्या कोपला. पण तिला माहीत होतं की त्यानं थेंब घेतलेला नव्हता. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे मी मारला."

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले होते.

"आता हाय," ती म्हणाली, आणि पुढच्याच आठवड्यात पहिला माणूस घेऊन आली.

मी बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं ती शेजारी येऊन बसली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असणार.

"मास्तर, तू वाईट नायस," ती म्हणाली. "मी तुज्यासारखीच होती. बोलली आन लोकांनी ऐकलं."

मी चुकलो होतो हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही. दारूच्या विरुद्ध मी आजही आहे, आणि पहिल्यापेक्षा जास्त आहे. पण रोग्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा आणि रोग्याला शूर ठरवणारी सभा, दोघांनीही त्याला सारखंच एकटं पाडलं होतं. त्यानंतर मी प्रतिज्ञासभा बंद केल्या. माझे सोबती रागावले. एक जण म्हणाला, तू एका अडाणी बाईच्या नादानं तत्त्व सोडलंस. मी म्हटलं, तत्त्व सोडलं नाही, त्याला माणसाचे हात बघायला शिकवलं.

हरेश्वर नऊ दिवसांनी परत आला. सासू-जावई पुन्हा मांजरामार्फत बोलू लागले. मला वाटलं होतं रीत मोडली ती मोडली. पण ती मोडली होती गरजेपुरती, आणि गरज सरल्यावर दोघांनी ती निमूटपणे उचलून जागेवर ठेवली. वलांडीवर तिनं त्याची जोडी धर्माशी लावली. "सुनबाय वरोरची हाय गो," बायका म्हणाल्या. पाचव्या दिवशी हरेश्वर म्हणाला, "मग हुंडा किती देता?" मावशी लांब टोपली भरत होती. तिनं ऐकलं आणि टोपली भरतच राहिली. काही महिन्यांनी भावानं सुकाणू त्याच्या हातात परत दिलं.

दोन वर्षांनी मला दुसरीकडे नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी ट्रंक घेऊन मी चिंचणीच्या थांब्यावर पालघरच्या गाडीत बसलो. गाडी सुटायच्या बेतात होती आणि सुटत नव्हती. दारात आंबीमावशी उभी होती. एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर, हातात दारचा दांडा.

कंडक्टर घंटेच्या दोरीला हात लावून कंटाळला होता. "मावशी, चढा नाहीतर उतरा."

"दोनी नाय."

"गाडीला उशीर होतोय."

"गाडीला काय घाई, तिला काय पोरं हायत?"

मला बघून ती म्हणाली, "चाललास व्हय." मी हो म्हटलं आणि कुणाची वाट बघता विचारलं. तिनं आवाज खाली केला. हरेश्वरची. होळीच्या सुमारास त्याची दारू परत सुरू झाली होती, आधी एका लग्नात, आणि मग रोज.

माझा चेहरा पडला. तिनं तो बघितला.

"तोंड कशाला पाडतोस? पयल्या खेपेला आपन त्याला उचलून नेला. या खेपेला कुनी बोललंबी नाय त्याला. काल त्यानंच निरोप धाडला. उद्याची गाडी धरून ठेवा, मी येतो."

"आला नाही तर?"

ती वरोरच्या रस्त्याकडे बघत होती. गाडीतली माणसं कुरकुरायला लागली. कंडक्टरनं दोरी सोडली आणि तोही तिकडे बघू लागला. बऱ्याच वेळानं वळणावर हरेश्वर दिसला. धुतलेला सदरा, हातात कपड्यांची पिशवी. तो सरळ चालत नव्हता, पण थांबतही नव्हता. दारापाशी आला, दांडा धरायला हात पुढे केला. हात थरथरत होता आणि त्यानं तो लपवला नाही. दोनदा चुकून तिसऱ्यांदा दांडा त्याच्या मुठीत आला. तो तिला न बघता तिच्या बाजूनं वर चढला आणि आत जाऊन बसला.

मग आंबीमावशीनं जमिनीवरचा पाय उचलला.